एक तारीख, पाच तारीख

मेसचे पैसे एक तारखेला आगाऊ द्यायचे. कॉट बेसिसवरच्या खोलीचं भाडं पाच तारखेच्या आत. घरून पैसे यायचे ते वडिलांचा पगार झाल्यावर, नाहीतर डेअरीचं दहा दिवसांचं बिल जमा झाल्यावर, आणि घर उसावर चालत असेल तर कारखान्याने बिल काढल्यावर. ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे हे पैसे १४ दिवसांत मिळायला हवेत. प्रत्यक्षात किती दिवसांनी मिळतात हे शेतकऱ्याच्या पोराला वेगळं सांगायला नको. परीक्षेचा फॉर्म ऐन दिवाळीच्या तोंडावर येतो. शिष्यवृत्ती मंजूर होते, पण खात्यात पडेपर्यंत कधीकधी ते वर्षच संपलेलं असतं.

पैशांचं नियोजन शिकवणारी पुस्तकं उत्पन्न आणि खर्च असे दोन रकाने आखून सुरू होतात. नोकरदाराचं त्यावर भागतं, कारण त्याचं उत्पन्न दर महिन्याला ठरल्या दिवशी येतं. विद्यार्थ्याचं गणित निराळं आहे. वर्षभराचे मिळून पैसे कदाचित पुरेसे असतात, पण हवे त्या दिवशी हातात नसतात. आणि त्या मधल्या पंधरा-वीस दिवसांतच मित्राची उधारी, ॲपवरचं कर्ज, बुडालेला फॉर्म, लेट फी हे सगळं घडतं. त्यामुळे माझ्या मते विद्यार्थ्याचं अर्थनियोजन कॅलेंडरपासून सुरू व्हावं. गुंतवणूक बरीच नंतर येते, आणि तिच्याबद्दल मला थोडं तिरकस बोलायचंही आहे.

पुण्यात शिकायला आलेली गरीब मुलं एकेकाळी वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. एखादा वार मोकळा राहिला की माधुकरी नाहीतर उपास. ही सोयही मुख्यतः ब्राह्मण मुलांपुरतीच होती. बाकीच्यांना शहरात राहायचं कुठे आणि खायचं काय, इथेच शिक्षण अडायचं. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी हे नेमकं ओळखलं. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं आणि पुढे जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतल्या मुलांसाठीही त्यांनी वसतिगृहं उभी केली. फी माफ करणं राजाला सोपं असतं. पोरगं वर्षभर जेवेल याची तजवीज करणं अवघड. आजही घरात चर्चा होते ती फीची, आणि मुलांची ओढाताण होते ती राहण्या-जेवणाच्या पैशांत.

समजा, लातूर भागातली एक मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगला आली. घरून महिन्याला ८,००० रुपये येतात. कॉटचं भाडं ३,०००, मेस ३,२००. आकडे गल्लीगणिक बदलतील, पण प्रमाण साधारण असंच राहतं. उरले १,८००, म्हणजे दिवसाला ६० रुपये. कागदावर हे बरं दिसतं. पण पुण्यातल्या बहुतेक मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात. ते एक जेवण बाहेर, मैत्रिणींसोबत, म्हटलं की दीडशे रुपये जातात. महिन्याचे चार रविवार धरले तर ६०० झाले. म्हणजे उरलेल्या पैशांतला तिसरा हिस्सा चार जेवणांनी नेला आणि दिवसाचे साठचे चाळीस झाले. या चाळीसमध्ये चहा, नाश्ता, झेरॉक्स, पीएमपीचं तिकीट आणि साबण. मुलं उधळपट्टी करतात असं आई-वडिलांना वाटतं, तेव्हा बरेचदा हा रविवारच असतो.

खाड्याचंही तसंच. सलग तीन-चार दिवस जेवायला नसाल आणि तसं आधी सांगितलं असेल, तरच बहुतेक मेसमध्ये खाडा धरतात. शनिवार-रविवार गावाला जाऊन आलात तर धरत नाहीत. दिवाळीला जाताना आठवणीने वहीत नोंद केली तर पंधरा दिवसांचे १,६०० रुपये पुढच्या महिन्यात वळते होतात. स्वारगेटवरून फोन केला, तर मेसवाल्या काकूंची मर्जी. कॉटचं भाडं मात्र सुट्टीतही भरावं लागतं, नाहीतर जूनमध्ये कॉट दुसऱ्याला गेलेली असते. मोबाइल कंपन्यांचा महिना बहुधा २८ दिवसांचा असतो, त्यामुळे वर्षात १३ रिचार्ज होतात. आणि पहिला महिना तर सगळ्यांत वाईट: दोन महिन्यांचं डिपॉझिट ६,०००, पहिलं भाडं, मेस, शिवाय ॲप्रन, ड्राफ्टर, पुस्तकं, गादी, बादली. आठ हजारांत जगायला निघालेल्या मुलीला पहिल्याच महिन्यात पंधरा हजारांच्या वर लागतात.

म्हणून महिन्याचं बजेट मांडण्याआधी वर्षाचा तक्ता मांडावा. एका कागदावर जून ते मे असे बारा महिने लिहायचे आणि प्रत्येकापुढे त्या महिन्यात अंगावर येणारा जादा खर्च: डिपॉझिट, परीक्षा फॉर्म, गावाला जाण्याचं भाडं, प्रोजेक्टचं छपाई-बायंडिंग, स्पर्धा परीक्षांचे अर्ज. नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिल फुगलेले दिसतील, ऑगस्ट-सप्टेंबर रिकामे. या रिकाम्या महिन्यांतले पाचशे-पाचशे बाजूला काढणं एवढंच खरं नियोजन. घरी हा कागद दाखवला तर आणखी एक फायदा होतो: ‘परवाच तर पाठवले होते’ हा संवाद टळतो.

उत्पन्नाचे ५० टक्के गरजांना, ३० टक्के हौसेला आणि २० टक्के बचतीला असा एक नियम हल्ली सगळीकडे सांगितला जातो. एलिझाबेथ वॉरेन आणि त्यांची मुलगी अमेलिया वॉरेन त्यागी यांच्या २००५ सालच्या पुस्तकाने तो लोकप्रिय केला. वॉरेन बाई पुढे अमेरिकेच्या सिनेटर झाल्या. नियम चांगला आहे, पण तो अमेरिकेतल्या पगारदार कुटुंबासाठी आहे. आपल्या लातूरच्या मुलीचे ७७ टक्के पैसे भाडं आणि मेस यांतच जातात. तिला तीस टक्के हौसेचे सांगणं म्हणजे थट्टा झाली. तिच्यासाठी टक्केवारी सोडून द्यावी आणि एकच रक्कम ठरवावी: एका महिन्याची मेस, घरी जाण्या-येण्याचं एसटीचं भाडं आणि डॉक्टरच्या एका फेरीचे पैसे. पाच हजारांच्या आसपास ही रक्कम जाते. ती रोजच्या यूपीआयच्या खात्यात ठेवू नये, दुसऱ्या खात्यात ठेवावी. जाणकार सहा महिन्यांच्या खर्चाएवढा आपत्कालीन निधी ठेवायला सांगतात; विद्यार्थ्याचा निधी एवढाच. पण तो असला की एक तारीख, पाच तारीख आणि पैसे येण्याचा दिवस यांतली दरी मिटते, आणि पुढची बरीच संकटं मुळात येतच नाहीत.

ही दरी भरून काढायला आज जे सगळ्यांत चटकन हजर होतं, ते फोनवरचं कर्ज. ते समजायला आधी व्याज कसं सांगितलं जातं ते पाहावं लागेल. खेड्यात ‘शेकडा तीनने पैसे उचलले’ म्हणतात तेव्हा ते तीन टक्के महिन्याचे असतात, म्हणजे वर्षाचे ३६. बँक ‘दहा टक्के’ म्हणते तेव्हा ते वर्षाचे असतात. क्रेडिट कार्ड पुन्हा सावकाराच्या पद्धतीने महिन्याचा दर सांगतं. आणि ॲप बहुतेक वेळा टक्के सांगतच नाही, रुपये सांगतं. ५,००० रुपये मंजूर झाले, प्रोसेसिंग फी वगैरे कापून ४,२०० हातात आले, पंधरा दिवसांनी ५,००० परत करायचे. मुलाला वाटतं, ८०० रुपयेच तर जास्तीचे. पण ४,२०० वर पंधरा दिवसांत ८०० म्हणजे १९ टक्के झाले, आणि वर्षाच्या हिशेबाने ४६० टक्क्यांच्या वर. गावातल्या कुठल्याही बदनाम सावकाराने इतका दर लावलेला मी तरी ऐकलेला नाही.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जांसाठी नियम घालून दिले. कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या बँक खात्यात जायला हवी, सर्व खर्च धरून वार्षिक दर किती पडतो ते सांगणारा तपशील आधी द्यायला हवा, ठरावीक मुदतीत दंडाशिवाय कर्ज परत करता यायला हवं आणि ॲपने फोनमधले कॉन्टॅक्ट, फोटो उघडता कामा नयेत. यातली शेवटची अट ओळखचिन्ह म्हणून फार उपयोगी. कर्ज देणारं ॲप फोनबुक मागत असेल तर त्याला ते वसुलीसाठी हवं आहे: उद्या हप्ता चुकला की तुमच्या मावशीला, सरांना, वर्गातल्या मुलींना मेसेज जाणार. असं ॲप तिथल्या तिथे काढून टाकावं.

क्रेडिट कार्ड वाईट नसतं, त्याची ‘मिनिमम ड्यू’ ही ओळ वाईट असते. २०,००० रुपयांचं बिल थकलं आणि व्याज महिना साडेतीन टक्के असेल तर ७०० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे ८२६ रुपये महिन्याला चढतात. किमान भरायची रक्कम पाच टक्के म्हणजे १,०००. ती इमानेइतबारे भरली तरी मूळ कर्जातून ढोबळमानाने १७४ रुपये कमी होतात. शिवाय बाकी ओढत ठेवली की नव्या खरेदीवर मिळणारी बिनव्याजी मुदतही जाते. बिल निघण्याची तारीख आणि भरण्याची शेवटची तारीख या दोन वेगळ्या असतात. ज्याला या दोन्ही पाठ आहेत आणि जो पूर्ण रक्कम भरतो, त्यानेच कार्ड वापरावं.

चक्रवाढीचा अंदाज घ्यायला ७२ चा आडाखा सोपा पडतो: ७२ ला व्याजाच्या दराने भागलं की रक्कम दुप्पट व्हायला लागणारा काळ मिळतो. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ मध्ये छापलेल्या ग्रंथात तो दिलेला आहे, म्हणजे पाचशे वर्षं जुनी गोष्ट. सात टक्क्यांच्या मुदत ठेवीला दुप्पट व्हायला दहा वर्षं लागतात. महिना साडेतीन टक्क्यांनी चढणारं कार्डाचं कर्ज वीस-एकवीस महिन्यांत दुप्पट होतं.

हे सगळं कुठेतरी नोंदलंही जातं. सिबिलचा आकडा ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो आणि ‘आत्ता घ्या, नंतर द्या’ प्रकारातली दोन हजारांची थकबाकीही त्यात उतरू शकते. भारतात अशा नोंदी ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा स्वतःचा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. मागवून पाहावा. आपल्या नावावर न घेतलेलं कर्ज दिसण्याचे प्रकारही होतात. आणि मित्राला पतसंस्थेत जामीन राहताना एवढं लक्षात ठेवावं की त्याने हप्ते थकवले तर वसुलीची नोटीस जामीनदारालाही येते. मैत्री सही न करताही टिकते.

आता पैसे येण्याच्या बाजूकडे. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला सर्वांत मोठा परतावा मिळतो तो महाडीबीटीच्या अर्जावर, हे मी पूर्ण गांभीर्याने म्हणतो. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नव्हे. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या आणि नवबौद्ध मुलांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुण्या-मुंबईत तिच्यातून वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मिळतात. आदिवासी मुलांसाठी स्वयम्, ओबीसींसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. शाहू महाराजांनी ओळखलेला प्रश्न सरकारला सव्वाशे वर्षांनी पुन्हा सोडवावा लागतोय, असंही म्हणता येईल.

यात पैसे अडतात ते मात्र एका बारीकशा जागी. शिष्यवृत्ती अर्जात लिहिलेल्या खात्यात जाईलच असं नसतं. ती आधारला ‘सीड’ असलेल्या खात्यात जाते. बँकेने केवायसीसाठी आधार घेतलेलं असणं वेगळं आणि एनपीसीआयच्या नोंदीत ते खातं आधारशी जोडलेलं असणं वेगळं. ही दुसरी नोंद एका वेळी एकाच बँकेत राहते. एखाद्या ॲपवर नवं खातं उघडताना घाईत संमतीच्या चौकटीत टिक केली की नोंद तिकडे सरकते, आणि शिष्यवृत्ती त्या विसरलेल्या खात्यात जाऊन बसते, किंवा खातं बंद असेल तर परत जाते. मायआधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ मिनिटभरात पाहता येतं. अर्ज भरण्याआधी ते पाहावं, आणि उत्पन्नाचा दाखला जूनमध्येच काढून ठेवावा. जुलैत तहसील कचेरीबाहेरच्या सेतू केंद्रावर काय रांग असते ते पाहिलेल्यांना माहीत आहे.

खातं कुठे असावं? किमान शिल्लक ठेवण्याची अट नसलेलं मूलभूत बचत खातं प्रत्येक बँकेत मागता येतं. बँक बुडाली तर एका बँकेतल्या एका ठेवीदाराला व्याजासह ५ लाखांपर्यंत ठेव विमा मिळतो. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पर्यंत १ लाख होती. पतसंस्थांना हा विमा लागू नाही. गल्लीतल्या पिग्मी एजंटकडे रोज वीस-वीस रुपये भरणारे वडील हे क्वचितच जाणतात. आणि विमा असला तरी वेळ जातोच. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला सहा महिन्यांसाठी मिळून फक्त १,००० रुपये काढायची मुभा होती. म्हणून सगळे पैसे एकाच ठिकाणी नकोत, रक्कम कितीही छोटी असली तरी.

दुसऱ्याला खातं वापरू देण्याचा प्रकार कॉलेजच्या आवारात वाढला आहे. ‘तुझं खातं आणि सिम दोन महिने वापरायला दे, पाच हजार देतो.’ सायबर चोरांना लुटलेले पैसे फिरवायला अशीच खाती लागतात. पोलीस शोध घेत येतात ते खातेदाराच्या दारात. खातं गोठतं, त्यातली शिष्यवृत्तीही अडकते, आणि पुढे नोकरीच्या वेळी पोलीस पडताळणीत हे सगळं वर येतं. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तातडीने कळवावं. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. आणि यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही.

गुंतवणुकीबद्दल आता. पाचशे रुपयांची एसआयपी चार वर्षं केली आणि वर्षाला दहा टक्के मिळाले असं धरलं, तर २४,००० चे साधारण २९,३०० होतात. वर पाच हजार. वाईट नाही, सवय लागते, बाजार कसा खाली-वर होतो तेही अंगावर घेता येतं. पण वेळेत भरलेल्या एका अर्जातून याच्या कित्येक पट मिळतं, आणि कार्डाची थकबाकी असताना एसआयपी करणं म्हणजे दहा टक्के मिळवायला चाळीस टक्के मोजणं. शिकण्यापुरती करावी, श्रीमंत होण्यासाठी नव्हे.

फ्युचर्स-ऑप्शन्सच्या वाटेला मात्र जाऊ नये. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये तीन वर्षांचा हिशेब मांडला: या व्यवहारांत उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात होते आणि त्यांचा एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. या ट्रेडरांमधलं तिशीच्या आतल्यांचं प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलेलं होतं. अभ्यासिकेतल्या पोरांच्या मोबाइलवर दुपारी हिरव्या-लाल रेघा दिसतात त्या हीच आकडेवारी. रीलवर नफ्याचा स्क्रीनशॉट दाखवणारा माणूस बहुतेक वेळा कोर्स विकून कमावत असतो.

विम्याचं थोडक्यात. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचं अपघात संरक्षण मिळतं. हप्ता मेअखेरीस खात्यातून कापला जातो, तेव्हा शिल्लक असावी. बचत आणि विमा एकत्र असलेली पॉलिसी नात्यातल्या एजंट काकांनी गळ्यात मारायला आणली तर नम्रपणे नाही म्हणावं. ज्याच्या कमाईवर कुणी अवलंबून नाही, त्याला जीवन विम्याची गरज नसते. याला एक अपवाद आहे, आणि तो शैक्षणिक कर्जाशी जोडलेला आहे.

शैक्षणिक कर्जाची भीती बाळगायची गरज नाही, पण ते कसं वाढतं ते एकदा वही घेऊन मांडावं. दर वर्षी दीड लाख याप्रमाणे चार वर्षांत ६ लाख उचलले, दर १० टक्के. शिक्षण चालू असताना आणि नंतर एक वर्ष हप्ता नसतो. ‘हप्ता नाही’ याचा अर्थ ‘व्याज नाही’ असा अनेक घरांत घेतला जातो, आणि बँकेतही कुणी ते समजावून सांगत बसत नाही. व्याज पहिल्या दीड लाखावर पहिल्या दिवसापासून चालू असतं. या काळात ते सरळव्याजाने मोजतात: पहिल्या वर्षीच्या रकमेवर पाच वर्षांचे ७५,०००, दुसऱ्या वर्षीच्या रकमेवर ६०,०००, मग ४५,०००, मग ३०,०००. एकूण २ लाख १० हजार. हप्ते सुरू होताना ते मुद्दलात मिळवले जातात आणि कर्ज ८ लाख १० हजारांचं होतं. दहा वर्षांच्या मुदतीने हप्ता बसतो सुमारे १०,७००.

हेच व्याज जसं लागेल तसं भरत गेलात तर पहिल्या वर्षी महिन्याला १,२५० रुपये, चौथ्या वर्षापासून ५,०००. आणि शेवटी हप्ता बसतो ६ लाखांवर, सुमारे ७,९०० रुपये. सगळं धरून सव्वा लाखाच्या आसपास वाचतात. काही बँका शिक्षण चालू असताना व्याज भरणाऱ्याला दरातही सवलत देतात. सगळं जमणार नसेल तर पहिल्या दोन वर्षांचं तरी भरावं, तेव्हा ते फार नसतं. ज्यांच्या घरी हेही शक्य नाही, त्यांच्यासाठी केंद्राच्या योजना आहेत. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर तांत्रिक-व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी या काळातलं व्याज सरकार भरतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांतल्या विद्यार्थ्यांना तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत. शाखेत याची आठवण आपणच करून द्यावी लागते, आणि पोर्टलवरच्या अर्जाची पोच छापून सोबत न्यावी.

या कर्जात आई किंवा वडील सहकर्जदार असतात. मुलाचं काही बरंवाईट झालं तर आठ लाखांचं ओझं त्यांच्या उतारवयात त्यांच्यावर पडतं. वर म्हटलेला अपवाद हाच: कर्जाएवढी साधी टर्म पॉलिसी, विशीत तिचा हप्ता अगदी थोडा असतो. बँक स्वतःच अशी पॉलिसी एकरकमी हप्त्याने कर्जात घालून देते. बाहेरचा दर विचारल्याशिवाय तिच्यावर सही करू नये.

नोकरी लागली की बँकेला कळवावं आणि पगाराची तारीख पाहून हप्त्याची तारीख मागून घ्यावी. पगार सात तारखेला आणि हप्ता पाचला असेल, तर खात्यात पैसे नाहीत म्हणून हप्ता परत जातो, त्याचा दंड लागतो, आणि दोन दिवसांच्या फरकापायी सिबिलमध्ये डाग पडतो. बहुतेक बँका तारीख बदलून देतात. अर्ज मात्र पहिला हप्ता कापला जाण्याआधी द्यायला हवा, कारण पगाराच्या खात्यातून हप्ता कापण्याचा मँडेट एकदा नोंदला गेला की तो बदलायला पुन्हा फॉर्म, पुन्हा सह्या, आणि आई-वडील गावाला असतील तर त्यांची सही आणण्यासाठी एक फेरी.